ओळीतली पहिली बाई

१२ जानेवारी १९८१, तुमसर

पाय भाजतात त्यांचे! हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं धान हौदात भिजतं, वाफेवर शिजतं, आणि गरम असतानाच पटांगणावर ओततात. त्या वाफाळत्या धानातून बायका अनवाणी चालतात. पाय घासत, एकीमागे एक. धानात तास उमटतात, नांगरासारखे. एक फेरी उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी. तेव्हा कुठे धान सारखं वाळतं, आणि गिरणीत तांदूळ तुटत नाही.

मी कडेला खुर्चीवर. खुर्ची नको म्हटलं होतं, धाकट्या शेठनी पाठवलीच. एक बाई जाता जाता म्हणाली, "बाई, तुमाले कोनं सजा देल्ली?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण जरा उशिरा.

सरांनी बजावलं आहे — फक्त बघा. अर्थ लावू नका. विशेषणं लिहू नका. पहिल्याच ओळीत मी 'बिचाऱ्या' लिहिलं होतं. खोडलं.

१३ जानेवारी

सगळं सुरू झालं दिवाळीनंतर. आधी उषाबाईच्या पायावर गरम धानाचा ढीग घसरला. पाऊल सोललं. मग दिवस गेलेल्या सखाबाईचं पोट पडलं. त्यानंतर बायका पटांगणावर चक्कर येऊन पडायला लागल्या — आज ही, उद्या ती. सरकारी डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं तपासलं. रोग नाही. गिरणीचे मालक टेकचंद शेठ म्हणतात, नाटकं. त्यांचा मुलगा, म्हणजे धाकटे शेठ, मुंबईला शिकून आलेले. त्यांनी नागपुरात आमच्या सरांचं भाषण ऐकलं होतं. सर म्हणाले होते, कारखाना बिघडतो तो दर वेळी यंत्रातच बिघडतो असं नाही. माणसं मिळून एखादी भीती दाबून ठेवतात, आणि ती कामातून, शरीरातून बाहेर पडते. नेणीव एकट्या माणसाला असते तशी गटालाही असते. मी सरांची विद्यार्थिनी, इकडची बोली येणारी, म्हणून मला घेतलं.

बाबांना सांगायला गेले होते तेव्हा ते माशांचं जाळं विणत होते. "काम का हाय तुहं?"

"लोक कामावर असताना काय बोलत नाहीत, ते समजून घ्यायचं."

बाबांनी विचार केला. "अना त्याचा पगार देतेत?"

१५ जानेवारी, गुरुवार

पहिली बैठक. गोदामात, पोत्यांवर, गोल करून. सर नागपूरहून तुमसर रोड स्टेशनला उतरून आले. म्हणाले, "इथे मनात येईल ते बोलायचं. इथलं बोलणं इथेच राहील, शेठकडे जाणार नाही. तास झाला की मी उठेन." एवढं बोलून गप्प झाले ते झालेच.

मला पद्धत माहीत आहे. पुस्तकात वाचली आहे, परीक्षेत लिहिली आहे. पण बारा-पंधरा बायकांसमोर एक गोरटेले, चष्म्याचे सर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसून राहिले, तेव्हा मी वहीत आजची तारीख दोनदा लिहिली.

"साहेब मुके हायेत का वं?"

"उपास असंन आज."

"पोटात दुखून राहिलं असंन. ओवा देऊ का साहेब?"

मग तेही थांबलं. शेवटी शेवटी कोणी कोणाकडे पाहीना. तास झाला. सर उठले.

रिक्षात म्हणाले, "त्यांना अस्वस्थ होऊ द्या. घाईने शांत करणारा माणूस खरं तर स्वतःला शांत करत असतो."

मला म्हणाले का ते?

आणि 'इथलं इथेच' मध्ये ही वही येते का? विचारायचं धाडस झालं नाही.

१९ जानेवारी

निरीक्षण, जसं सरांना दिलं तसं:

ओळीत सर्वांत पुढे नेहमी एकच बाई. सत्यभामा. चाळिशीची, उंच. नवरा बरीच वर्षं नागपूरला, परत आलेला नाही. दिराच्या घरी राहते. ती थांबली की ओळ थांबते. ती वळली की ओळ वळते. तिच्या पुढे कोणी जात नाही. भाकर खाताना बायका तिच्याभोवती जागा सोडून बसतात. तिच्याशी कोणी थट्टा करत नाही. ती बोलली तर उलट उत्तर नाही. सर्वजणी तिला मान देतात.

विशेषण एकही नाही. दोनदा तपासलं.

२२ जानेवारी

"उत्तम," सर म्हणाले. "मालकाने नेमलेला मुकादम एक आणि गटाने मनातून मानलेला पुढारी दुसरा. रोगाचं मूळ या दुभंगात असू शकतं." माझे कान तापले. आमच्या घरात मला 'उत्तम' म्हणणारं कोणी असणं शक्यच नव्हतं. तिथे कोणाला अक्षर वाचता येत नाही.

बैठकीत सर सरळ सत्यभामेकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जणू दुसऱ्या कोणाला विचारलं असावं. मग म्हणाली, "मले का वाटन साहेब. धान गरम रायते, पाय भाजते." बाकीच्या सगळ्या आपापल्या पायांकडे बघत होत्या.

२७ जानेवारी

सत्यभामा मुकादमीण झाली! सरांनी धाकट्या शेठना तसं सुचवलं — गट जिला मानतो तिलाच अधिकार द्या, दुभंग मिटेल. आता ती ओळीत चालणार नाही. बाजूला उभी राहून सगळ्यांवर लक्ष ठेवणार. कोणाचा पाय उचलला जातो, कोणाचा तास वाकडा पडतो.

जागेश्वर मुकादम हौदाकडे गेला. तो चिडेल असं वाटलं होतं. तो हसला. "बरं हाय. पाहा आता मजा." कसली मजा ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी ती फाटकापाशी माझ्यासाठी थांबली होती.

"बाई, माहं नाव तुमी सांगतलं?"

"हो."

तिने पदर तोंडावर धरला. हसत होती की रडत होती ते कळलं नाही. दोन्ही लिहून ठेवते.

३० जानेवारी

सखाबाई पडली. पाठोपाठ आणखी दोघी. पाणी मारलं, कांदा हुंगवला. सत्यभामा पाण्याचा गडू घेऊन धावली तर सखाबाई शुद्धीवर येता येता किंचाळली — इतकी, की हौदावरचे गडी धावत आले.

सुधारणा व्हायला हवी होती.

२ फेब्रुवारी

देवकाबाईजवळ बसले. बायकांत सगळ्यात म्हातारी तीच. तंबाखू मळत होती.

"देवकाबाई, सत्यभामाबाई मुकादमीण झाली ते तुम्हाला नाही का आवडलं?"

"आमाले इचारलं कोनं?"

"तुम्ही सगळ्या तिला मानता म्हणून —"

तिचा हात थांबला. "मानतो? कोन सांगतलं?"

"ती पुढे चालते. तुम्ही तिच्या मागे."

माझ्याकडे तिने असं पाहिलं, जसं आपण रस्ता चुकलेल्या शेळीकडे पाहतो. मग हळू आवाजात म्हणाली, "ढिवराची पोट्टी ना तू? गावातली ना? अना एवढं नाही समजत? ते मांगं चालली त तिची नजर आमच्या पाठीवर पडते. उषाच्या पायावर पडली. सखाच्या पोटावर पडली. म्हनून तिले पुढं ठेवलं. पुढं चालनाऱ्याले पाठ दिसत नाही कोनाची. आमी आपला बंदोबस्त केला होता, शिस्तीत. अना तुमी तिले बाजूले उभी केली! आता दिवसभर आमालेच पायते ते!"

वही उघडीसुद्धा केली नाही.

"लिवा ना," देवकाबाई म्हणाली. "तुमी लिवता न सगळं."

३ फेब्रुवारी

'सर्वजणी तिला मान देतात.' विशेषण नव्हतं. पण अर्थ होता. मी लावलेला. दोनदा तपासूनही दिसला नाही.

त्या तिला टोनही समजतात, म्हणजे चेटकीण. हा शब्द मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या गावात तळ्याच्या पलीकडे एक म्हातारी राहायची. मुलं तिच्या घरासमोरून पळत जायची. मीही पळायची. मग सोडलेली जागा बघून मला हे का सुचलं नाही? एम.ए.च्या आधीची मी असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तिला बाजूला उभं राहायच्या कामातून सोडवायला हवं. परत ओळीत, परत पुढे. तेवढ्याने निदान तिचं काम टिकेल. परवा सरांना सांगणार.

५ फेब्रुवारी

स्टेशनपासून गिरणीपर्यंत रिक्षात सगळं सांगितलं. घाईघाईने, वाक्यं तुटत.

सर ऐकत होते. मग म्हणाले, "सुलोचना, थोडं स्वतःकडे बघू या. घराण्यात शिकलेली तुम्ही पहिली. सगळ्यांच्या पुढे चालणारी. मागे राहिलेल्यांची नजर आपल्या पाठीवर आहे, ही भीती कोणाची आहे?"

"पण सर, हे देवकाबाईने सांगितलं —"

"तिने काहीतरी सांगितलं. त्यातलं तुम्ही काय ऐकलं? एक बाई वर चढली, आणि तिला खाली आणावं असं तुम्हाला आठवड्याभरात वाटू लागलं. का?"

रागावून नाही बोलले. फार मायेने बोलले. तेच वाईट. रागावले असते तर मी भांडले असते.

बैठकीत सर गप्प. मी गप्प. सत्यभामा मान खाली घालून.

६ फेब्रुवारी

सर म्हणतात त्यात खोटं काय आहे? नजर वाटतेच मला. घरी, मोहाडीला बसमधून उतरते तेव्हा पायात चप्पल असते याची लाज वाटते. सत्यभामेची गोष्ट सांगताना माझा आवाज कापत होता. बाहेरच्या माणसाबद्दल बोलताना एवढा कशाला कापावा?

मग देवकाबाईचं बोलणं मी रंगवलं का? शब्द आठवून बघते. नाही. तसेच होते ते.

पण ज्याला आपल्याच कानाचा भरवसा नाही, त्याने किती वेळा आठवायचं?

८ फेब्रुवारी, मोहाडी

रविवार. दादाची बाळी आता धरून उभी राहते. मला बघून आधी रडली, मग माझी वेणी ओढली.

माय कालच्या बाजारातून उरलेले मासे खारवत होती. तिला सांगितलं, नाव न घेता. माझी माय हसली. "नजर लागती त माह्या मासोऱ्या टोपलीतच सडल्या असत्या वं. बजारात शंभर बायका पायतेत, घेते एखादी. बाकीच्या नजरा कुठं गेल्या मंग?"

"तुला भीती नाही वाटत कधी?"

"वाटते ना. उधारीवाल्याची."

१० फेब्रुवारी

सत्यभामेला स्वतःच विचारलं. न राहवून. हौदामागे, वाफेत.

"तुम्हाला माहीत होतं? तुम्हाला पुढे का ठेवलं ते?"

"मले नाही मालूम राहीन त कोनाले राहीन?" ती शांत होती. "पह्यल्या दिवशी देवका म्हने, सत्यभामा, तू पुढं व्हय. मी समजलो. बरं म्हटलं. काम त हाय. पुढं चालनाऱ्याले धान जास्त गरम लागते, एवढंच."

"मग मुकादमीण करताना तुम्ही नको का नाही म्हणालात?"

ती हौदाकडे बघत राहिली. "तुमच्या साहेबानं इचारलं ना, तुमाले का वाटते? असं मले कोनी इचारलं नोहोतं. वाटलं, साहेब शिकलेला मानूस हाय, त्यानं मोठं केलं त ह्याबी मानतीन. लोभ झाला, बाई." मग माझ्या दंडाला हात लावला, लगेच काढून घेतला. "आता तुमीच सांगा साहेबाले. मले ओळीत टाका म्हना. मांगं नाही, पुढंच. नाही त हे काम जाईन, अना काम गेलं त देर घरात ठेवत नाही."

सांगते म्हटलं.

१२ फेब्रुवारी

सकाळी रिक्षात सर आपणहून म्हणाले, "तुमचं म्हणणं मी आठवडाभर तपासलं. मी तुमच्याच मनाकडे बघत बसलो आणि गटाकडे बघायचं राहिलं. तुमचं बरोबर असावं." मला रडू येईल असं वाटलं. म्हटलं, सर, बैठकीत काही बोलायच्या आधी तिला ओळीत परत घ्यायला सांगा धाकट्या शेठना. म्हणाले, "आधी गटाला कळू द्या ते काय करत आहेत. न कळता बदल केला तर ते दुसरं माणूस शोधतील." हेही खरंच वाटलं.

आता जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सर नेहमीसारखे बसले. डोळे अर्धे मिटलेले. बराच वेळ. मग बोलले — "या गटाला आपली भीती ठेवायला एक जागा लागते. ती जागा एका बाईला दिलेली आहे. ती बाई इथेच बसली आहे."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. सरांचं पुस्तकी बोलणं मीच त्यांना उलगडून सांगायचे. मी सांगितलं, त्यांच्या बोलीत, माझ्या बोलीत. "साहेब म्हंतेत, तुमाले जे भेव वाटते ते तुमी एका बाईच्या अंगावर टाकता. अना ते बाई अथीच हाय."

मग देवकाबाईने सरांना हात जोडले!

"पाहा वं," ती म्हणाली. "मी म्हनत नोहोतो? असाच बसते आमचा भगत, टोनही धुंडनारा. डोरे मिटून, गुपचूप. चार चार बैठका बोलत नाही, अना आखरीले दाखवून देते. साहेबालेबी दिसलं."

"नाही!" मी ओरडले. "उलटं म्हणतात साहेब! दोष तिचा नाही. भेव तुमचं हाय!"

"हाव ना बाई, भेव आमचंच हाय," देवकाबाई म्हणाली, मला समजावल्यासारखी. "पन लावते कोन?"

सखाबाई रडायला लागली. उषाबाईने तिला आपल्या मागे ओढून घेतलं. सत्यभामा उभी राहिली. गोलाच्या मधोमध आली नाही, पोत्याला धरून उभी. सरांना म्हणाली, "साहेब, तुमी त बोला."

सरांनी घड्याळ पाहिलं. तास झाला होता.

ते उठले. वेळेची सीमा पाळणं हा या पद्धतीचा पाया आहे. सीमा पाळली की गटाला सुरक्षित वाटतं. मी परीक्षेत लिहिलं होतं. "पुढच्या गुरुवारी आपण इथूनच सुरू करू," सर म्हणाले आणि निघाले.

मीही उठले. सर उठले की मी उठते. सवय. दारापर्यंत गेल्यावर मागे पाहिलं. गोल तसाच होता, तोंडं आत.

१३ फेब्रुवारी

धान पटांगणावर ओतलं आणि बायका उठल्याच नाहीत. तोंडावर पदर घेऊन भिंतीच्या सावलीत बसल्या. सत्यभामा एकटी धानात उतरली. एकटीने पाय घासत धानात एक तास ओढला, मग दुसरा ओढला. एवढं पटांगण, आणि एकटी बाई. धानाच्या गाठी झाल्या.

मी खुर्चीवरून उठले, चप्पल काढली, आणि धानात पाय घातला. भाजलं. तिने हाताने नको म्हटलं. "तुमी नोका. मंग तुमालेबी म्हनतीन." मी बाहेर आले. लगेच आले.

टेकचंद शेठ आले. "एका बाईपायी हौदभर माल नासवू का? काढा तिले."

मी धाकट्या शेठकडे धावले. ते कानामागे खाजवत म्हणाले, "तुमचे सर पण म्हणाले ना, प्रश्न एका बाईशी जोडलेला आहे."

१४ फेब्रुवारी

कोणी पडलं नाही आज. बायका गाणं म्हणत धान फिरवत होत्या. जागेश्वर मुकादम परत पटांगणावर. पुढे चालत होती उषाबाई. थट्टा, हशा.

मी त्यांच्या भाकरीच्या वेळी माझी खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली.

१६ फेब्रुवारी

बसस्टँडवर ती दिसली. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, मांडीवर गाठोडं. मी शेजारी बसले. पदर सरकला तेव्हा दिसलं. केस कापले होते. कात्रीने नाही. विळ्याने असावेत, वेडेवाकडे, एका जागी कातडीसकट.

"कोणी?"

"इचारू नोका."

"दीर?"

"गाव." मग म्हणाली, "साहेबानं सांगतलं म्हंतेत. नागपूरचा मोठा साहेब."

पोलिसांत जाऊ म्हटलं. ती म्हणाली, "मंग रायन कुठं?" मोहाडीची गाडी लागली. मी तिचं गाठोडं उचललं. उचलताना इकडेतिकडे पाहिलं, कोणी गिरणीतलं बघत नाही ना. हेही लिहायला हवं.

१९ फेब्रुवारी

सर आले. आजची बैठक झालीच नाही, धाकट्या शेठनी नको म्हटलं. मूर्च्छा थांबल्या, तांदूळ तुटत नाही, मंडळी खूश. गोंदियाला त्यांच्या मामांच्या गिरणीत असाच काही त्रास आहे, तिथे याल का म्हणून विचारत होते.

मी सरांना केसांचं सांगितलं.

सर स्टेशनच्या बाकावर बसून राहिले. चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसतात. "मी उठायला नको होतं का?"

सरांनी पहिल्यांदाच मला खराखुरा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. म्हटलं, "मीही उठले, सर."

गाडी आली. चढता चढता म्हणाले, "मूर्च्छा थांबल्या हे मात्र अहवालात लिहावं लागेल. ते खरं आहे."

गोंदियाला येणार नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं घरची अडचण. खरं कारण दिलं नाही.

२२ फेब्रुवारी, मोहाडी

तुमसरची खोली सोडून घरी आले. बाबा काही विचारत नाहीत. त्यामुळे जास्त अपराधी वाटतं.

मायला मी सगळं सांगितलं होतं, सत्यभामेला घरी आणलं त्याच दिवशी. तिने सत्यभामेचं डोकं हळदीच्या पाण्याने धुतलं, आपलं जुनं लुगडं दिलं. शेजारणींना सांगितलं, "माही मावसबहीन हाय, तापानं केस गेले." दादाला, वहिनीलाही तेवढंच माहीत. आज दोघी अंगणात मासे साफ करत होत्या. माय बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत होती, आणि सत्यभामा हसत होती. मोठ्याने हसते ती! मला माहीत नव्हतं.

बाळी तिच्या मांडीवरून उतरतच नाही. तिच्या आखूड केसांतून हात फिरवत बसते.

वाटलं, एवढं तरी झालं माझ्या हातून. एक बाई वाचली. इथे ती कोणाच्या पुढे नाही, मागे नाही. राहू दे तिला इथेच. माय तिला बाजारात सोबत नेणार म्हणते.

२५ फेब्रुवारी

बाळीला ताप. दात येत असतील.

२६ फेब्रुवारी

ताप उतरत नाही. रात्रभर वहिनी जागी. बाळी दूध ओकते. सत्यभामा तिला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालत होती, तिच्याकडेच जरा शांत होते पोर.

मी बाळीला तिच्याकडून घेतलं आणि आतल्या खोलीत नेऊन निजवलं. उजेडाने तिचे डोळे चुरचुरतात. आतल्या खोलीत थंडही असतं. वहिनीला म्हटलं, आत कोणी सारखं येऊ नका, झोपू द्या.

२७ फेब्रुवारी

दादा बाळीला डॉक्टरकडे घेऊन गेला. सुई दिली. निमोनियाची सुरुवात म्हणाले, अजून दोन दिवस सुया.

सत्यभामा दिवसभर अंगणात होती. आत आली नाही. चहा घ्यायलासुद्धा.

२८ फेब्रुवारी

सकाळी तिने गाठोडं बांधलं. पवनीकडे माहेर आहे, तिथे भाऊ आहे म्हणते. भावाबद्दल याआधी एकदाही बोलली नव्हती.

माय म्हणाली, "राय ना वं. पोरगी बरी झाल्यावर जाजो. आता काहून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चूल फुंकत होते. धूर फार झाला होता.

"जातो, बाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "सांभाळून जा."

१ मार्च

माय दोनदा म्हणाली, "कायले गेली असंन ते?" दुसऱ्यांदा म्हणताना माझ्याकडे बघत होती.

२ मार्च

पहाटे बाळीचा ताप उतरला. घाम आला, दूध मागितलं. माय तिला छातीशी धरून म्हणाली, "सुई लागली बाप्पा." निरक्षर माझी माय. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

माझ्या मनात आधी आलं ते हे — ती गेली म्हणून.